अंगाला लागणारं पहिलं कापड

मे महिन्यात आगरवाड्याच्या मिठागरात दुपारचा पारा 33-34 अंशांच्या फारसा वर जात नाही. त्याच दिवशी सोलापूरला 41-42 असतो. नुसता आकडा बघितला तर गोव्यातल्या कामगाराचं बरं चाललंय असं वाटेल. अंगाला मात्र ते पटत नाही, आणि अंगाचं म्हणणंच खरं असतं.

घाम उडतो तो त्वचेजवळच्या वाफेचा दाब आणि आजूबाजूच्या हवेतल्या वाफेचा दाब यांच्यातल्या फरकामुळे. 35 अंशांच्या ओल्या त्वचेजवळ हा दाब सुमारे 5.6 किलोपास्कल असतो. 41 अंशांच्या, 20 टक्के आर्द्रतेच्या हवेत तो 1.6 असतो, तर 33 अंशांच्या, 65 टक्के आर्द्रतेच्या हवेत 3.3. म्हणजे घाटावर घामाला ओढून नेणारा फरक 4 आहे आणि आपल्याकडे जेमतेम 2.3. एक लिटर घाम पूर्ण उडाला तर अंगातली सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम हनुवटीवरून, कोपरावरून टपकला तर काहीही नेत नाही. शरीराने पाणी आणि मीठ फुकट घालवलं एवढंच. फावड्याचं किंवा ओझ्याचं काम करणारा माणूस तासाला लिटरभर घाम सहज गाळतो. त्यातला किती उडतो आणि किती टपकतो, यावर अंगाला चिकटून असलेल्या पहिल्या कापडाचा मोठा प्रभाव असतो.

हे कापड निवडताना आपण कामाच्या तासाचा विचार करतो. माझ्या मते तो काम थांबल्यानंतरच्या अर्ध्या तासाचा करायला हवा. काम चालू असताना शरीर भट्टीसारखं पेटलेलं असतं, बहुतेक कापडं तेव्हा निभावून जातात. माणूस थांबला, स्कूटरवर बसला, ट्रॉलरच्या डेकवर वाऱ्यात उभा राहिला किंवा मासळीच्या शीतगृहाचं दार उघडून आत शिरला की कापडाची खरी परीक्षा सुरू होते. तेव्हा अंगावर किती पाणी शिल्लक आहे, हाच प्रश्न असतो.

सुती धागा पाणी पोटात घेतो. साध्या हवेतसुद्धा कोरडा दिसणारा कापूस आपल्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के ओलावा धरून असतो, पॉलिएस्टर 0.4 टक्के, नायलॉन 4 टक्क्यांच्या आसपास आणि लोकर तब्बल 16 टक्के. घामाने भिजल्यावर कापसाचा धागा फुगतो, विणीतली भोकं बुजतात, कापड त्वचेला चिकटतं आणि वारा आत जायचा थांबतो. कोरड्या हवेत हेच कापड उपकारक ठरतं, कारण तिथे ते भराभर सुकत राहतं आणि सुकताना अंग थंड ठेवतं. विदर्भातल्या शेतकऱ्याची सुती बंडी म्हणूनच योग्य आहे. गोव्याच्या किनाऱ्यावर ती सकाळी दहाला भिजते आणि संध्याकाळी घरी येईपर्यंत ओलीच राहते.

पॉलिएस्टरचा धागा पाणी पोटात घेत नाही, ते धाग्यांच्या मधल्या फटींतून पसरतं. पसरलं की उडायला जास्त जागा मिळते. बाजारात ज्याला सरसकट ड्रायफिट म्हणतात त्यामागची कल्पना एवढीच. पण त्या नावाने विकलं जाणारं प्रत्येक कापड तसं वागत नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ढिगाने मिळणारे चकचकीत टी-शर्ट बरेचदा घट्ट विणीचे असतात. ते पाणी शोषत नाहीत आणि पसरवतही नाहीत. घाम आतून ओघळत राहतो. दुकानातच तपासता येतं. कापडाच्या आतल्या बाजूवर बोटाने पाण्याचा एक थेंब ठेवायचा. तो दोन-तीन सेकंदांत पसरून डाग मोठा झाला तर ठीक. मण्यासारखा उभा राहिला तर तो शर्ट ठेवून द्यावा, मग त्यावर काहीही छापलेलं असो. दुसरं, कापड तोंडाला लावून फुंकर मारायची; पलीकडच्या तळहाताला वारा सहज लागला पाहिजे. तिसरं, उजेडासमोर धरायचं. विणीतली बारीक भोकं दिसावीत, मात्र बाहीचं आणि खांद्याचं कापड इतकं विरळ नको की ऊन थेट आत येईल.

घरी आणल्यावर आणखी एक तपासणी करावी. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर कोरडं कापड मोजायचं, मग पाण्यात बुडवून, हाताने पिळून पुन्हा मोजायचं, पंख्याखाली टांगून तासाभराने परत. दोन गंज्या शेजारी शेजारी टांगल्या की कोणती मूळ वजनाकडे लवकर येते ते कळतं, आणि पावसाळ्यात तीच उपयोगी पडणार असते.

जाडी जीएसएममध्ये, म्हणजे चौरस मीटरला ग्रॅममध्ये मोजतात. उन्हातल्या कामाला 120 ते 140 जीएसएमची सिंगल जर्सी, म्हणजे साध्या टी-शर्टची एकपदरी वीण, किंवा जाळीदार वीण पुरे. नेहमीचा चांगला वाटणारा जाड टी-शर्ट 180 च्या वर असतो. तो टिकतो, पण भिजल्यावर अंगावर ओझं होतो. इंटरलॉक विणीचं कापड दोन्ही बाजूंनी गुळगुळीत आणि मजबूत असतं, मात्र दाट असतं. थंडीसाठी ते घ्यावं, मे महिन्यासाठी नको.

आता मापाबद्दल, कारण इथेच सगळ्यात जास्त चुकतं. अंगाला घट्ट बसणारा कपडा घाम चांगला ओढतो हे खरं, पण तो एकटाच घातला असेल तर. त्यावर दुसरा शर्ट आला की बाहेरचा थर आतल्या वाफेला अडवतो. ढगळ कपड्यात हात हलवला, वाकलं, उठलं की कापड आत-बाहेर होतं आणि गळ्यातून, बगलेतून हवा खेळते. दमट प्रदेशात हा हवेचा खेळ कापडाच्या जातीइतकाच, कदाचित जास्तच कामाला येतो. छातीला चार बोटं जादा, बगल खोल, गळा मोकळा, आणि खालची कड खोचलेली नको, असं माप ठेवावं.

गंजीवर शर्ट घालायचा की नाही, यावर माझं उत्तर सोपं आहे: उन्हात उभं राहायचं असेल तर एकच थर, पूर्ण बाहीचा, फिकट रंगाचा, ढगळ. आत गंजी नको. गणवेशाची सक्ती असेल, तोही जाड टेरिकॉटचा असेल, तर आत बिनबाह्यांची जाळीदार गंजी चालते; ती गणवेशाचं कापड त्वचेपासून जरा दूर धरते. शर्ट-पॅन्टवर बॉयलर सूट, म्हणजे गळ्यापासून घोट्यापर्यंतचा अखंड कपडा, चढवणाऱ्यांनी एक आकडा लक्षात ठेवावा. उष्णतेचा ताण मोजण्याच्या आयएसओ 7243 या मानकात विणलेल्या कपड्यांचा दुहेरी थर असेल तर निर्देशांकात 3 अंश वाढवून धरतात. गोव्याच्या एप्रिल-मेमध्ये हे 3 अंश म्हणजे काम चालू ठेवणं आणि थांबवणं यांच्यातला फरक असू शकतो. बॉयलर सूट घालायचाच असेल तर आतली पॅन्ट काढावी, फक्त पातळ आतले कपडे ठेवावेत. कपडा कितीही चांगला असला तरी दर 15-20 मिनिटांनी पाव लिटर पाणी आणि सावलीतली विश्रांती लागतेच.

एका ठिकाणी मात्र वरचा सगळा हिशेब उलटा करावा लागतो, ते म्हणजे आग. पॉलिएस्टर 250 ते 260 अंशांना वितळतं, साधं नायलॉन 220 च्या आसपास, आणि थर्मलमध्ये वापरलं जाणारं पॉलिप्रॉपिलीन तर 165 च्या जवळ. वितळलेला धागा त्वचेला चिकटतो आणि भाजणं खोल जातं. काजूच्या हंगामात भट्टीपुढे बसून हुर्राक आणि फेणी गाळणारा, वास्कोच्या गोदीतला वेल्डर, खांबावर चढणारा लाइनमन, पावाच्या भट्टीपाशी उभा राहणारा पोदेर, या सगळ्यांनी अंगाला सुतीच लावावं. वरचा शर्ट सुती आणि आत ड्रायफिट गंजी, ही जोडी भाबडेपणाची आहे. विजेच्या ठिणगीचा झोत वरच्या कापडातून उष्णता आत पोचवतो आणि आतलं कापड त्वचेवरच वितळतं. इथे ओलं राहणं पत्करावं आणि दुपारी एकदा गंजी बदलावी. कंबरेचं आणि चड्डीचं इलॅस्टिकसुद्धा कापडात झाकलेलं असावं.

कंबरेखालच्या कपड्यांबद्दल कुणी बोलत नाही, आणि कामाचे दिवस बुडतात ते बहुधा तिथल्याच त्रासाने. जांघा काचतात, घामोळं येतं, नायटा पसरतो. तीन गोष्टी एकत्र आल्या की हे होतं: ओल, घर्षण आणि मीठ. सुकलेल्या घामाचं मीठ कापडाच्या शिवणीवर बसतं आणि शिवण खरखरीत होते. आखूड, तिकोनी चड्डीची कड नेमकी जांघेच्या घडीत येते, म्हणून चालण्या-चढण्याच्या कामाला ती टाळावी. मांडीच्या निम्म्यापर्यंत येणारी, पातळ, आतून सपाट शिवणीची चड्डी घ्यावी. दोन्ही मांड्यांच्या मधे कापड राहतं आणि कातडी कातडीवर घासत नाही. शिवण कुठे येते ते दुकानात उलटी करून बघावं. दोन पायांच्या मधोमध चार शिवणी एका बिंदूत मिळत असतील तर ती नको. तिथे वेगळा चौकोनी तुकडा लावलेला असेल तर चांगली. माडावर चढून माडी काढणाऱ्या रेंदेराला हे जास्तच लागू आहे, कारण त्याची मांडी दिवसातून कितीदा तरी बुंध्याला घासते. पूर्वीचा रेंदेर काष्टी, म्हणजे लंगोटीसारखं कापड, नेसायचा. सुती असली तरी ती पटकन सोडून, धुवून, वाळत टाकता यायची आणि तिला टोचणारी शिवणच नव्हती.

इलॅस्टिकच्या चड्डीत स्पॅन्डेक्स, म्हणजे ताणला जाणारा धागा, किती आहे ते लेबलवर वाचावं. 5 ते 8 टक्के पुरेसे आहेत. जास्त असेल तर कापड घट्ट बसतं, ओल धरतं आणि उकळत्या पाण्याने किंवा ब्लीचने लवकर मरतं. नुसतं काचत असेल तर कामाला निघण्याआधी खोबरेल किंवा व्हॅसलिन लावून भागतं. गोल, कडेला लाल, खाजणारा चट्टा असेल तर तेल लावून झाकू नये आणि औषधाच्या दुकानातून स्टेरॉइड मिसळलेलं मलमही आणू नये. त्याने खाज दोन दिवस थांबते आणि नायटा आतून पसरत राहतो. डॉक्टरला दाखवावं, आणि औषध चालू असताना आतले कपडे रोज गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवावेत.

बायकांच्या कपड्यांचा विचार तर कारखानेही फारसा करत नाहीत. लावणीला वाकलेल्या, काजू वेचणाऱ्या बायका साडीवर किंवा गाऊनवर घरातल्या पुरुषाचा जुना पूर्ण बाहीचा शर्ट चढवतात. तो उपाय उत्तम आहे: ढगळ आहे, ऊन अडवतो, बाह्यांमुळे काटे लागत नाहीत. अडचण आतल्या ब्लाउजची आणि ब्राची असते. फोमची ब्रा घाम धरून ठेवते आणि दिवसभर सुकत नाही. स्तनाखालच्या घडीत त्यामुळेच पुरळ येतं. कामाला बिनफोमची, एकाच थराची, रुंद पट्ट्याची आणि पाठीला जाळी असलेली घ्यावी. खालचा पट्टा दोन बोटं जाण्याइतका सैल हवा. अस्तराचा ब्लाउज शेतात नको; अस्तर म्हणजे दुसरा थरच.

पावसाळा आला की प्रश्न बदलतो. गोव्यात हंगामात सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, आणि सत्तरी तालुक्यात, घाटाच्या पायथ्याशी त्याहून बराच जास्त. तापमान 22-23 च्या खाली क्वचितच जातं, तरी माणूस कुडकुडतो. पाणी स्थिर हवेच्या जवळपास 25 पट वेगाने उष्णता वाहून नेतं, आणि भिजलेल्या शर्टावर स्कूटरचा वारा लागला की अंगातली ऊब काही मिनिटांत जाते. रेनकोटने अर्धंच काम होतं. तो बाहेरचं पाणी अडवतो आणि आतली वाफही अडवतो. जेवढं काम जोरात, तेवढं आतून भिजणं ठरलेलं. म्हणून रेनकोटखाली सुती शर्ट ही सगळ्यात वाईट निवड. पातळ पॉलिएस्टरची पूर्ण बाहीची गंजी घालावी. ती आतून भिजली तरी अंगाच्या उबेने सुकते, आणि रेनकोटचं प्लॅस्टिक हाताला चिकटत नाही. जुलैत गमबूट घालून चिखलात राबणाऱ्यांनी सुती मोजे सोडावेत. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात त्या ओल्या सुती मोज्यांनी. पातळ नायलॉन-लोकर मिश्रणाचे मोजे घ्यावेत, दुपारी जेवताना पाय उघडे ठेवावेत आणि दुसरी जोडी चढवावी.

जुन्या लोकांकडे पावसासाठी कांबळ होतं, धनगरांकडे घोंगडी. लोकर ओली झाली तरी ऊब पुरती सोडत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण दख्खनी मेंढीची लोकर जाड असते. 30 मायक्रॉनपेक्षा जाड धाग्याची टोकं त्वचेला टोचतात, म्हणून घोंगडी बाहेरूनच घ्यायची असते. अंगाला लावायची ती मेरिनो लोकर, 17 ते 19 मायक्रॉनची. ती टोचत नाही, वास धरत नाही, आणि पॉलिएस्टरसारखी वितळतही नाही. मात्र महाग असते, पातळ असली की खांद्यावर ओझं वाहणाऱ्याच्या अंगावर लवकर विरते, आणि गोव्याच्या दमट कपाटात तिला कसर लागते. शेतातल्या किंवा बांधकामावरच्या माणसाने तिच्यावर पैसे घालू नयेत. तिची जागा दुसरीकडे आहे.

ती जागा म्हणजे शीतगृह आणि जहाज. मासळी साठवण्याची खोली साधारण उणे 18 अंशांना ठेवतात. बाहेर 32 अंश, आत उणे 18. पाच पावलांत 50 अंशांचा फरक. ट्रकमधून पेट्या उतरवून घामाघूम झालेला हमाल त्याच भिजलेल्या सुती गंजीवर जॅकेट चढवून आत जातो, आणि पंधरा मिनिटांत पाठीत गारठा भरतो. तो जॅकेटला दोष देतो. दोष गंजीचा असतो. आत जाण्याआधी अंग पुसावं, ओली गंजी काढून कोरडी घालावी, दोन-तीन मिनिटं थांबून घाम ओसरू द्यावा आणि मगच जॅकेट चढवावं. आतली गंजी अंगासरशी बसणारी, पूर्ण बाहीची, पॉलिएस्टर किंवा मेरिनोची. 150 ते 200 जीएसएम पुरे. बाजारातलं जाड सुती थर्मल शांत बसणाऱ्या माणसाला ऊब देतं, पेट्या उचलणाऱ्याला नाही. उचलताना जॅकेटची चेन गळ्यापाशी उघडी ठेवावी, थांबलं की लावावी. मोजे एकावर एक दोन घालून बूट घट्ट करू नयेत. रक्त पोचलं नाही तर पाय उलट लवकर गार पडतात.

बाहेर येतानाही एक गोष्ट बिघडते. आपल्या हवेतली वाफ 24-25 अंशांनाच पाणी होते. गोठलेलं जॅकेट या हवेत आणलं की काही क्षणांत त्यावर दव जमतं, ते कापडात मुरतं, आणि पुढच्या फेरीला आत गेल्यावर तिथेच गोठतं. जॅकेट आणि हातमोजे शीतगृहाच्या थंड पुढच्या खोलीतच खुंटीला ठेवावेत, बाहेर आणू नयेत. अंगातली गंजी मात्र दर फेरीनंतर हात लावून बघावी आणि ओली वाटली तर बदलावी.

जहाजावर काम करणाऱ्या तारवटींचा प्रश्न याहून अवघड. इंजिन रूममध्ये 45 अंशांचा उकाडा आणि वर, उत्तरेच्या समुद्रात हिवाळी डेक. इंजिन रूममध्ये गरम तेल, वाफेचे नळ आणि आगीची शक्यता आहे, म्हणून तिथे कृत्रिम धागा अंगाला नको. बॉयलर सूटखाली पातळ सुती. डेकवर जाताना ती काढून मेरिनोची गंजी. लोकर आग सहज धरत नाही, त्यामुळे वर-खाली सतत ये-जा असणाऱ्याने दोन्हीकडे पातळ मेरिनोच वापरली तरी चालते. सहा महिन्यांच्या करारासाठी अशा तीन गंज्या पुरतात.

धुण्याबद्दल थोडं. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रावण ड्रायफिटला कधीही लावू नये. त्याचा थर धाग्यावर बसतो आणि पाणी पसरायचं थांबतं. पॉलिएस्टरला वास जास्त येतो, कारण त्यातलं अंगाचं तेल साध्या धुण्याने निघत नाही आणि त्यावर जंतू वाढतात. घरी आल्याबरोबर साध्या पाण्यातून काढून टांगावं, ढिगात टाकू नये. वास बसलाच तर एक भाग पांढरा व्हिनेगर आणि चार भाग पाण्यात अर्धा तास बुडवून मग साबणाने धुवावं. पावसाळ्यात पॉलिएस्टरची गंजी पंख्याखाली रात्रीत सुकते, सुती तीन दिवस लटकते आणि तिच्यावर बुरशीचे काळे ठिपके येतात. कापड टाकून कधी द्यायचं? धुऊनही अंग तापताच वास येऊ लागला, थेंब पसरेनासा झाला किंवा कमरेचा पट्टा सैल पडला की.

पैसे मोजके असतील तर आधी चड्ड्या घ्याव्यात, मग मोजे, मग गंजी, आणि सगळ्यात शेवटी महागडा वरचा शर्ट. उन्हाळ्यात माणशी दोन संच चालतात, पावसाळ्यात तीन लागतात: एक अंगात, एक पिशवीत प्लॅस्टिकमध्ये कोरडा, एक दोरीवर. बांधकामावरचा ठेकेदार हेल्मेट देतो, चमकणाऱ्या पट्ट्यांचं जॅकेटही देतो. ते जॅकेट बंद कापडाचं असलं तर आतला सगळा विचार वाया जातो. ते जाळीचंच मागावं, आणि त्याबरोबर प्रत्येक कामगाराला पूर्ण बाहीच्या दोन पातळ गंज्या. खर्चाच्या यादीत ही रक्कम हेल्मेटशेजारीच लिहिली गेली पाहिजे, मेअखेर, पावसाच्या आधी.